एम ७४ समोरचं प्रश्नचिन्ह

चि. चिऊस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी सकाळी तुझा फोन आला तेव्हा आवाज इतका पडलेला होता, की आई घाबरलीच. रात्रभर जागून मेसिएच्या यादीतले ९७ तेजोमेघ, तारकागुच्छ, दीर्घिका पाहिलेस, मग रडू कशाचं? मग कळलं, की ग्रुपमधल्या बाकीच्यांचे १०४ झाले आणि यादीतल्या ७४ व्या, म्हणजे एम ७४ या दीर्घिकेसमोर तू एकटीनंच प्रश्नचिन्ह ठेवलंस. "दुर्बीण बरोबर तिथंच लावली होती, म्हणजे दिसलंच की," असं ते म्हणाले. तुला ते पटलं नाही, पण आता आपलेच डोळे कमी पडले असं वाटतंय.

चिऊ, मार्चच्या अमावास्येला ती दीर्घिका दिवस मावळताच पश्चिमेला उतरू लागते. आकाश पुरतं काळं होईपर्यंत ती क्षितिजावरच्या धुरकटीत गेलेली असते. शिवाय तिचं सगळं अंग आपल्याकडे वळलेलं, त्यामुळे उजेड पसरून पातळ झालेला. एम ७७ चा गाभा तरी ठसठशीत आहे, हिचा नाही. दुर्बीण तिथं लावणं एक, आणि दिसणं निराळं.

हे मी ठामपणे सांगू शकतो, कारण २२ व्या वर्षी वांगणीला मी याच एम ७४ समोर बरोबरची खूण केली होती. आयपीसमध्ये काहीतरी उजळ आहे असं वाटलं, मागे लोक खोळंबले होते, नकाशा सांगत होता की ती इथेच आहे. केली खूण. सकाळी चहाच्या वेळी माझं कौतुकही झालं. पुढे डिसेंबरात, मीन रास डोक्याशी असताना, त्याच ६ इंची दुर्बिणीतून ती खरोखर दिसली: तिरप्या नजरेनं, श्वास रोखून, राखेचं बोट पुसावं तसा एक डाग. त्या क्षणी कळलं, मार्चमध्ये मी काहीच पाहिलं नव्हतं. वहीतली ती खूण मी खोडली आणि शेजारी तारीख घातली. कुणालाच कळलं नसतं. पण त्या पानावरच्या उरलेल्या खुणांवर तरी माझा विश्वास राहायला हवा होता ना!

आणि ही यादी ज्यांनी केली त्यांच्याकडेच बघ. हेवेलियसनं सप्तर्षीत नोंदवलेला तेजोमेघ शोधायला मेसिए १७६४ मध्ये बसला. त्याला मिळाले नुसते दोन मंद तारे. त्यानं तेच लिहिलं, आणि एम ४० हा क्रमांक आजही त्या दोन ताऱ्यांचाच आहे. त्याचा सहकारी मेशाँ यानं तर १७८३ मध्ये पत्र लिहून कळवलं, की यादीतला १०२ ही माझी चूक, तो १०१ च पुन्हा पाहिला गेला. म्हणून १०२ चं काय करायचं हे आजही ज्याचं त्यानं ठरवावं लागतं. कुणी दुसरी एक दीर्घिका त्या जागी धरतात. तू काहीही धर, पण का धरलंस ते वहीत लिही.

शंका आली तर मी करतो ते सांगतो. नळीला हलकी टिचकी मारायची. डाग ताऱ्यांबरोबर हलला तर तो आकाशातला. नजर काढून पुन्हा लावायची, तीनदा त्याच जागी दिसला पाहिजे. आणि मोबाइलवर फोटो उघडायच्या आधी कागदावर काढायचं. एकदा फोटो पाहिला, की डोळा तेच दाखवायला लागतो. कन्या आणि अरुंधती केश या तारकासमूहांतल्या दीर्घिकांच्या गर्दीत तर हे फारच जपावं लागतं. तिथं डाग खरा असतो, नाव मात्र आपण भलतंच देऊन बसतो.

ग्रुपमधल्या मुलांवर रागावू नकोस. पहाटे तीनला, थंडीत, यादी हातात असताना माणूस खोटं बोलत नाही, त्याला खरंच दिसल्यासारखं होतं.

नोव्हेंबरच्या अमावास्येला सुट्टी काढ. गाडी मी काढतो. मीनेतल्या ईटा ताऱ्यापासून पूर्वेला सव्वा अंशभर सरकायचं, नळी तू धरायचीस. ते प्रश्नचिन्ह तोवर तसंच राहू दे.

आईनं लाडू दिलेत, सोबत पाठवतोय.

तुझा,
बाबा