विषय : रिमोटचा संपर्क तुटल्यावरही यंत्राचा अक्ष (सरकणारा भाग) न थांबण्याबाबत

व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,

आपल्या मदत केंद्राशी आज पाचव्यांदा बोलणे झाल्यावर हे पत्र लिहीत आहे.

सातपूर औद्योगिक वसाहतीतील आमच्या कारखान्यात दोन व्हीएमसींवर (संगणकनियंत्रित उभ्या मिलिंग यंत्रांवर) आपले बिनतारी रिमोट आहेत. मागच्या सोमवारी सेटर (यंत्रावर काम बसवणारा कामगार) दार उघडे ठेवून, एक हात फिक्स्चरवर (काम पकडून ठेवणाऱ्या साच्यावर) ठेवून, रिमोटने स्पिंडल (हत्यार फिरवणारा दांडा) हळूहळू खाली आणत असताना रिमोटचा पडदा विझला. त्याने जॉगचे (दाबून धरेपर्यंत अक्ष सरकवण्याचे) बटण सोडले, तरी स्पिंडल खाली येतच राहिला. रिमोटवरचे लाल बटण दाबले, त्याचाही उपयोग झाला नाही. शेजारच्या कामगाराने पॅनलवरचा इमर्जन्सी स्टॉप दाबला म्हणून डायल गेज हे मापयंत्र मोडण्यावर निभावले, नाहीतर हातावर बेतले असते. नंतर टेबल रिकामे करून आणि दार बंद करून आम्ही जॉग चालू असताना मुद्दाम तीनदा रिमोटची बॅटरी काढून पाहिली. तिन्ही वेळा अक्ष चालतच राहिला.

आपल्या प्रतिनिधीने आज आधी कारखान्यात वाय-फाय आहे का, असे विचारले. वाय-फाय आहेच. 2.4 गिगाहर्ट्झच्या मोकळ्या पट्ट्यात रिमोट चालवायचा म्हटल्यावर अडथळा कधीतरी येणारच, पण त्या क्षणी यंत्राला जोडलेल्या रिसीव्हरने काय करायचे हा आमचा प्रश्न आहे. मग त्यांनी विचारले, "कोणाला लागलंय का?" मी नाही म्हणालो. "रक्त वगैरे काही?" मी पुन्हा नाही म्हणालो. त्यावर ते म्हणाले, "मग मी ही तक्रार 'गैरसोय' या प्रकारात नोंदवतो, बॅटरी वेळेवर बदलत जा." माझ्या माणसाचा हात स्पिंडलखाली होता आणि आपल्या दफ्तरी त्याची नोंद गैरसोय अशी आहे.

आपल्या माहितीपत्रकावर आयईसी (आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोग) 60204-1 हे यंत्रांच्या विद्युत सुरक्षेचे मानक छापलेले आहे. संपर्क तुटला की यंत्र सुरक्षितपणे थांबले पाहिजे, हे त्यात सांगितले आहे, आणि बिनतारी नियंत्रणासाठी 2017 पासून आयईसी 62745 हे स्वतंत्र मानकही आहे. संपर्क जाताच रिसीव्हरमधला सेफ्टी रिले (यंत्र थांबवणारा सुरक्षा-स्विच) आपोआप सुटला पाहिजे, त्यासाठी रिमोटकडून कोणताही संदेश येण्याची गरज नसावी. रिमोटच्या बाजूचे एनेबल बटणही (जे धरून ठेवले तरच यंत्र हलते) तीन स्थितींचे, म्हणजे सोडलेले, मध्ये धरलेले आणि घट्ट आवळलेले, असायला हवे, कारण दचकलेला माणूस हात सोडतो तसाच कधी मूठ घट्ट आवळतो, आणि दोन्ही वेळा यंत्र थांबले पाहिजे. आपले बटण मूठ आवळल्यावर यंत्र चालूच ठेवते. हे आपल्या अभियंत्यांना माहीत नसेल, असे मला वाटत नाही.

दोन्ही रिमोट आम्ही कपाटात कुलूपबंद केले असून तारेने जोडलेल्या पेंडंटवर (हातात धरायच्या नियंत्रकावर) काम सुरू आहे. आठ दिवसांत आपला अभियंता येथे येऊन रिसीव्हर बदलून देईल आणि समोर बॅटरी काढून चाचणी दाखवेल, अशी माझी मागणी आहे. तसे न झाल्यास चाचणीच्या चित्रफितीसह औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे तक्रार करीन. 'गैरसोय' ही नोंदही बदलून तसे लेखी कळवावे.

माझ्या शब्दावर नाशिकच्याच अंबड औद्योगिक वसाहतीतील दोघा परिचितांनी आपलाच रिमोट घेतला आहे. त्यांना सावध करणे हे आपले काम होते, ते काल रात्री मी फोन करून केले.

आपला ग्राहक,
सातपूर, नाशिक