ट्रॅक्टर आठ लाखाचा अन् ग्रीस पिशवीतलं

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या शेतीच्या पानावर मागच्या आठवड्यात ट्रॅक्टर घेताना काय काय बघावं यावर अर्धं पान होतं, एचपी, लिफ्टची ताकद, सबसिडी, हप्ते, सगळं आलं, चांगलं होतं. पण घेतल्यानंतर त्याला ग्रीस कुठलं घालायचं आणि कशानं मारायचं यावर एक ओळसुद्धा नाही. मी शिरोळ तालुक्यात ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, ट्रॉल्यांची कामं करणारा मिस्त्री आहे, आणि माझ्याकडं जी कामं येतात त्यातली बरीचशी ग्रीस न मारल्यानं नाहीतर भलतंच मारल्यानं आलेली असतात, म्हणून हे पत्र.

पहिली गोष्ट रंगाची. गिऱ्हाईक दुकानात जातं आणि म्हणतं लाल द्या, निळं द्या, भावकीतल्यानं हिरवं घातलंय तेच द्या. अहो तो रंग कंपनीनं नुसता मिसळलेला असतो, एकाचं निळं जास्त उष्णतेचं तर दुसऱ्याचं निळं साधं चेसिस ग्रीस. बघायचं ते डब्यावर काय लिहिलंय ते. ग्रीस म्हणजे मुळात तेलच, ते जागेवर धरून ठेवायला त्यात लिथियमचा नाहीतर कॅल्शियमचा साबण घालतात, तो कुठला ते बघा. साधं कॅल्शियमचं ग्रीस पाण्याला चांगलं पण १०० डिग्रीच्या आसपासच पातळ होऊन वाहायला लागतं, लिथियमचं १८० च्या पुढं टिकतं (म्हणजे तेवढ्या गरमीत कायम चालवायचं असं नव्हे, त्याच्या बरंच खाली). मग नंबर. डब्यावर एनएलजीआय २ किंवा ३ असं असतं, आणि लोकांना वाटतं ३ म्हणजे २ पेक्षा भारी. तसं काही नाही, तो फक्त घट्टपणा आहे. २५ डिग्रीला ठरलेल्या वजनाचा शंकू ग्रीसमध्ये ५ सेकंद सोडतात आणि किती रुततो ते मोजतात, २ नंबरात साडेसव्वीस ते साडेएकोणतीस मिलिमीटर, ३ नंबरात २२ ते २५, एवढाच फरक. आपल्याकडं सगळे एपी-३ मागतात, ते लिथियमवालं ३ नंबरचं, ट्रॉलीच्या चाकाच्या बेअरिंगला झकास, पण निप्पलमधून, म्हणजे ग्रीस आत ढकलायच्या बारीक तोटीतून मारायला थंडीच्या दिवसात सकाळी सकाळी गनमधून, म्हणजे ग्रीस मारायच्या हातपंपातून सरकतच नाही. निप्पलला २ नंबर ठेवा. पण सगळ्यात आधी गाडीबरोबर आलेलं पुस्तक बघा, ते बहुतेकांच्या घरी अजून प्लॅस्टिकमध्येच आहे.

आता सुट्टं ग्रीस. उघड्या डब्यातून पळीनं काढून पिशवीत बांधून देतात, सीझनला त्या डब्यावर रस्त्याची धूळ बसलेली असते आणि ती तशीच ढवळली जाते. कुठलं आहे विचारलं तर चांगलं आहे की घ्या, हे उत्तर. त्यात आदल्या वेळचं वेगळं, आताचं वेगळं. लिथियम आणि कॅल्शियम बहुतेक वेळा एकमेकांत खपतं, पण मातीचं, म्हणजे बेंटोनाईटवालं ग्रीस लिथियममध्ये पडलं तर दोन्ही पातळ होऊन सीलमधून गळू शकतं. बदलायचंच असेल तर बेअरिंग काढून रॉकेलनं नाहीतर डिझेलनं धुवा, पूर्ण वाळू द्या, मग हातानं रोलरच्या मध्ये दाबून भरा. हब, म्हणजे बेअरिंग बसतं तो चाकाचा मधला भाग, मात्र गच्च भरू नका, जास्तीच्या ग्रीसनं चाक गार राहत नाही, उलट तापतं.

रोटाव्हेटरचा क्रॉस, म्हणजे ट्रॅक्टरकडून ताकद आणणाऱ्या शाफ्टच्या जॉइंटमधला चार टोकांचा तुकडा, कसा जातो ते सांगतो, कारण हे रोजचं आहे. त्याच्या प्रत्येक टोकावर बारीक सुयांच्या बेअरिंगचा कप असतो, आधी त्या कपाच्या कडेला लालसर भुकटी दिसायला लागते, लोक म्हणतात माती आहे. माती नाही ती, आतल्या सुया कोरड्या चालून गंजून दळल्या जातायत त्याची ती पूड असते. उघडलं की सुयांचे तुकडे हातात येतात. पीटीओ, म्हणजे अवजाराला ताकद देणारा ट्रॅक्टरच्या मागचा दांडा, मिनिटाला ५४० फेरे फिरतो, त्या जॉइंटला ८-१० तासांनी ग्रीस लागतं, आठवड्यानं नाही. आणि मारताना चारही कपांतून जुनं ग्रीस बाहेर आलं पाहिजे, तीनमधून आलं आणि चौथ्यातून नाही तर तो चौथाच जाणार, जॉइंट हलवून शाफ्ट थोडा फिरवून परत मारा. शाफ्टच्या आतल्या सरकणाऱ्या पाईपलाही ग्रीस लागतं, तिकडं तर कुणी बघतच नाही. हे सगळं इंजिन बंद करूनच, नुसता पीटीओ काढून नाही.

अजून एक खोड म्हणजे सील गळतंय म्हणून रोटाव्हेटरच्या गिअरबॉक्समध्ये ऑईलच्या जागी ग्रीस भरायचं. गळायचं थांबतं हे खरं, पण गिअरनं बाजूला सारलेलं ग्रीस परत दातांवर येत नाही, बॉक्सच्या भिंतीला चिकटून बसतं आणि दात कोरडे चालतात. सील स्वस्त आहे हो, गिअर नाही.

गनचं म्हणाल तर घरच्या एका ट्रॅक्टरला लिव्हरवाली हातगन भरपूर झाली, बकेट पंप, म्हणजे बादलीवर बसवलेला मोठा ग्रीस पंप, ज्यांच्याकडं दोन-तीन मशीन, ट्रॉल्या आहेत त्यांनी घ्यावा. एका हातानं दाबायची पिस्तूलवाली गन अडचणीच्या जागी बरी, पण चोंदलेल्या निप्पलला तिचा जोर पुरत नाही. चांगल्या लिव्हर गनवर १०,००० पीएसआय (दाबाचं माप) लिहिलेलं असतं, पण खरी भानगड पुढच्या तोंडात, कपलरमध्ये असते, त्याचे जबडे झिजले की अर्धं ग्रीस बाहेरच, आणि लोक अख्खी गन फेकून नवी आणतात. नुसता कपलर मिळतो, तो बदला. गनमध्ये ग्रीस बोटानं कोंबलं की आत हवा राहते आणि मग कितीही हाणा काही येत नाही, त्यापेक्षा गनचं डोकं काढून नळीचं उघडं तोंड डब्यात बुडवून मागचा दांडा सावकाश ओढा. निप्पल आधी फडक्यानं पुसा नाहीतर वरची माती तुम्हीच आत ढकलताय. आणि पाईपला बारीक भोक पडून ग्रीसची पिचकारी उडत असेल तर बोट लावून बघू नका, तेवढ्या दाबानं ते कातडीखाली घुसतं, वरून टाचणीएवढं दिसतं, दुखतही नाही सुरवातीला, पण ते तातडीनं ऑपरेशनचं काम असतं, घरी बसायचं नाही.

कोकणात, भंडारा-गोंदियाकडं चिखलणीला जे ट्रॅक्टर घालतात त्यांना तर रोज संध्याकाळी ग्रीस पाहिजे, म्हणजे रात्रीत पाणी आत मुरायच्या आधी बाहेर ढकललं जातं. वॉशिंग सेंटरवरून धुऊन आणलं तरी तेच.

माझं मागणं दोनच गोष्टींचं. दुकानदारांनी सुट्टं देताना निदान पिशवीवर पेननं प्रकार आणि नंबर लिहावा, आणि डीलरनं चावी देताना पेढे, हार, फोटो सगळं होतं तेवढ्यात ड्रायव्हरला सगळे निप्पल एकदा बोट ठेवून दाखवावेत. आणि तुमच्याकडं मागायचं तर, फवारणीचा सल्ला छापता तसा महिन्यातून एकदा यंत्राचा एक चौकोन छापा, फोटोसकट. पहिला फोटो क्लच पेडलच्या शाफ्टवरच्या निप्पलचा टाका, गाडी जुनी झाली तरी तो कित्येकांना सापडलेला नसतो.

आपला,
एक ट्रॅक्टर मिस्त्री
ता. शिरोळ, जि. कोल्हापूर