गोऱ्ह्याला जमतं ते बोक्याला का नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात आमची सहा एकर कोरडवाहू शेती आहे. मागच्या हिवाळ्यात भाव वाढेल या आशेनं कापूस विकला नाही, पुढच्या खोलीत भरून ठेवला. (त्यानं घरभर अंगाला खाज सुटते, ते दुखणं वेगळं.) एका सकाळी दार उघडलं तर डोळ्यांत पाणी यावं असा भपकारा! आमचा भुऱ्या, वर्षाचा बोका, कापसाकडे पाठ करून उभा. शेपटी ताठ, टोक थरथरतंय आणि मागून फवारा. मग पाहते तर चौकट, तुरीची पोती, सायकलचं चाक, काही सोडलं नव्हतं. वीसेक किलो कापूस बाजूला काढावा लागला.

यजमानांनी काठी उचलली. सासूबाई आडव्या आल्या, "मारू नोको बाप्पा, काशीले सोन्याचं मांजर वाहा लागन." शेवटी त्याला पोत्यात घालून नाल्यापलीकडे सोडलं. तिसऱ्या दिवशी पठ्ठ्या दारात हजर. कान फाटलेला, गालावर ही एवढी गाठ.

गाठीसाठी म्हणून एका सरकारी पशुदवाखान्यात नेलं आणि खच्चीकरणाचं विचारलं. "बाई, मांजराचं इथं होत नाही." त्याच वेळी बाहेर खोड्यात एका गोऱ्ह्याला खच्ची करायचा चिमटा लावणं सुरू होतं!

शेवटी जिल्ह्याच्या गावी खाजगी डॉक्टरांकडे गेले. भाजीचा एक क्रेट, त्यावर दुसरा उपडा, सुतळीनं बांधलेला, त्यात भुऱ्या. डॉक्टरांनी गाठ फोडून पू काढला, म्हणाले, बोक्यांच्या भांडणात दात खोल रुततात, वरून कातडी मिटते आणि आत पू होतो. गाठ बरी झाल्यावर खच्ची करू. त्यांनी समजावलं की बोका पाच-सहा महिन्यांत वयात येतो आणि मग फवारून हद्द आखतो. घरात बाहेरचा नवा वास आला, जसा आमचा कापूस, की त्यावर आपला वास चढवतो. म्हणजे हा सूड नव्हता, आणि मारलं असतं तर बिचकून आणखी फवारलं असतं.

माझीही चूक निघाली. मी रोज फिनाइलनं पुसत होते. ते पंजाला लागतं, मांजर पंजे चाटतं, आणि ते त्याला विष आहे. तापासाठी माणसाची पॅरासिटामॉलची गोळी तर अर्धीही द्यायची नाही, जीव जातो. आता मी कपड्याच्या पावडरच्या कोमट पाण्यानं धुते आणि पोती उन्हात टाकते. आणखी एक त्यांनी बजावलं: बोका वारंवार बसून कुंथतोय आणि थेंब उतरत नाही, तर ते फवारणं नव्हे, लघवी अडली आहे. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

ऑपरेशन झालं, संध्याकाळी घरी आणलं. लगेच फरक पडला नाही. अंगातला जोर उतरायला काही आठवडे लागतात. दीड महिन्यानं फवारणं थांबलं. रात्रीची भटकंतीही कमी झाली. "आता तो उंदीर धरणार नाही," असं अर्धं गाव सांगून गेलं. परवाच त्यानं तुरीच्या पोत्यामागून घूस ओढून आणली. थोडा जाड झालाय म्हणून दूध-पोळी कमी केली.

पोळ्याला ज्याचे खांदे शेकतो तो बैल खच्ची केलेलाच असतो, तेव्हा कुणाला पाप आठवत नाही. बोक्याचं नाव काढलं की मात्र "मांजराचं कायचं आपरेशन व माय!" म्हणून हसतात. पशुसंवर्धन विभागाला विनंती आहे की तालुक्याच्या दवाखान्यात महिन्यातून एक दिवस मांजरांसाठी ठेवावा. एका बोक्यासाठी आख्खी मजुरी बुडवून जिल्ह्याला जाणं प्रत्येकाला परवडत नाही. दिवस ठरला तर आमच्या एका गल्लीतूनच चार बोके येतील. क्रेट मी देते.

आपली,
एक शेतकरी वाचक, जि. यवतमाळ