रायण टणक नको, पडलेली हवी

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत रायणीच्या आईस्क्रीमची कृती वाचून बरे वाटले. एरवी उन्हाळा लागला की पानेच्या पाने हापूसने भरतात आणि आपल्याच पंचक्रोशीतल्या रानमेव्याला कोपराही मिळत नाही. मात्र त्या कृतीतील दोन सूचनांना मला हरकत घ्यायची आहे. एक अशी की रायणी टणक, पिवळ्याधमक आणि डाग नसलेल्या निवडाव्यात. आणि दुसरी अशी की जमल्यास एखाद्या सुटीच्या दिवशी सहकुटुंब जांबुघोड्याच्या जंगलात जाऊन त्या स्वतः तोडून आणाव्यात. मी आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकवले आणि निवृत्तीनंतरचे सहा उन्हाळे या फळाचे आईस्क्रीम करण्यात घालवले. त्यांतले पहिले दोन पूर्ण वाया गेले, आणि ते नेमके या दोन सूचना पाळल्यामुळे.

बडोद्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, की आपण जिला गुजरातीच्या सहवासाने रायण म्हणतो तिला महाराष्ट्रात खिरणी किंवा रांजणी म्हणतात. फळ लिंबोळीहून थोडे मोठे, पिकल्यावर पिवळे, आत बहुधा एकच चकचकीत, काळपट तपकिरी बी. एप्रिलच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत ते मिळते आणि एक सर आली की त्याची चव पाणचट होते. बकुळ, मोह, चिकू आणि रायण ही सगळी एका कुळातली झाडे. चिकू मूळचा मध्य अमेरिकेतला, पण आपल्याकडे त्याची कलमे बहुतेक रायणीच्या रोपावर बांधतात. म्हणजे नवसारीचा असो की घोलवडचा, चिकू आपण मिटक्या मारीत खातो तेव्हा जमिनीखाली पुष्कळदा रायणच उभी असते. फार सावकाश वाढणारे हे झाड आहे आणि त्याचे लाकूड इतके जड की पाण्यात बुडते. बी लावणाऱ्याला फळ दिसायला दहा वर्षे तरी सहज लागतात.

या सगळ्या कुळाचा गुण म्हणजे चीक. ज्याला आपण च्युइंग गम म्हणतो त्याचा मूळ घटक चिकूच्याच झाडाचा वाळवलेला चीक होता, हे सांगितले म्हणजे पुढे काय घडले असेल याची कल्पना वाचकांना येईल. खिरणी या नावातही क्षीर म्हणजे दूधच आहे. रायण झाडावर टणक असताना तोडली तर ती पुढे पिवळी आणि मऊ होते खरी, पण देठाशी आणि सालीलगत चीक उरतोच. लहानपणी अशा कच्च्या रायणी खाऊन ओठ एकमेकांना चिकटले नाहीत असे मूल आमच्या दांडिया बाजारात सापडले नसते. पहिल्या उन्हाळ्यात मी बाजारातून निवडून निवडून टणक फळे आणली, बिया काढल्या आणि गर मिक्सरमध्ये फिरवला. पात्यांभोवती रबरासारखा पट्टा बसला. तो सौभाग्यवतींनी तेलाचा बोळा आणि सुरी घेऊन अर्धा तास खरवडला. त्या अर्ध्या तासात मला जे ऐकावे लागले ते छापण्याजोगे नाही. तरीही हट्टाने मी तो गर दुधात घातला. आईस्क्रीम दिसायला ठीक होते, परंतु घशाखाली उतरताना तुरट, आणि जिभेवर बारीक तंतू राहत होते. नातवाने एक चमचा खाल्ला आणि सभ्यपणे पाणी मागितले.

दुसऱ्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीतील काही कुटुंबांनी मिनीबस केली आणि आम्ही पुरवणीतल्या सूचनेबरहुकूम जांबुघोड्याला गेलो. तेव्हा ती सूचना छापून आलेली नव्हती, पण कल्पना तीच होती. पिशव्या, आकड्या, मुलांना टोप्या, डब्यात ढेबरे, असा सगळा थाट होता. एका रायणीखाली आम्ही पोहोचलो तर पिकलेली फळे शेंड्याकडे आणि हाताशी येणाऱ्या सगळ्या हिरवट. आमच्यातल्या एका उत्साही गृहस्थांनी आकडीने फांदी खाली ओढली, ती मनगटाएवढी फांदी बुंध्याशी साल सोलत मोडली आणि तिच्यावरची बहुतेक फळे कच्ची निघाली. मोडलेल्या जागेतून पांढरा चीक ठिबकत होता. एवढ्यात वनरक्षक आला. तो ओरडला नाही. त्याने पिशव्या रिकाम्या करायला लावल्या आणि आम्हाला रस्त्यापर्यंत सोबत केली. आम्ही पांढरपेशी माणसे, बहुतेक सगळे साठीच्या पुढचे, मान खाली घालून बसमध्ये चढलो.

वनरक्षकाचे चुकले नव्हते. जांबुघोडा हे अभयारण्य आहे आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या २९ व्या कलमानुसार अभयारण्यातून परवान्यावाचून वनोपज नेता येत नाही. तिथल्या आणि आसपासच्या रहिवाशांच्या घरगुती गरजांचा विचार कायद्याने केला आहे, आणि २००६ च्या वन हक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क जंगलावर जगणाऱ्या समाजांना दिला आहे. राठवा आणि नायक कुटुंबांचा तो हक्क आहे. बडोद्याहून मिनीबसने येणाऱ्या माझ्यासारख्याचा नाही. शिवाय पुरवणीने ‘सकाळी लवकर निघावे’ असेही सुचवले आहे. जांबुघोड्यात आणि पलीकडे रतनमहालमध्ये अस्वले आहेत, आणि झाडाखाली पडलेली गोड फळे वेचायला तीही पहाटेच्या आणि संधिप्रकाशाच्या वेळी येतात. उन्हाळ्यात मोह वेचायला गेलेल्या माणसांची आणि अस्वलांची गाठ पडून जिवावर बेतल्याचे प्रकार जंगलपट्ट्यांत होत असतात. लहान मुलांना घेऊन पहाटे फळझाडाखाली जाण्याचा सल्ला वर्तमानपत्राने देऊ नये, एवढे तरी आपण मान्य कराल.

जी गोष्ट मला दोन उन्हाळ्यांत कळली नव्हती ती तिसऱ्या वर्षी पावागडच्या रस्त्यावर कळली. हालोलच्या पुढे टोपल्या घेऊन बसणाऱ्या बायकांपैकी एकीकडे दोन ढीग होते. एक पिवळा, टणक, हिरव्या पानांवर मांडलेला. दुसरा बाजूला फडक्यात, तपकिरी डागांचा, काही फळे चेपलेली, काहींना माती लागलेली. मी पहिल्याकडे हात केला आणि सवयीने दुसऱ्याचा भाव विचारला. बाई म्हणाली, “ए तो पोची छे काका, नीचे पडेली. सारी आपुं ने?” म्हणजे ती मऊ आहे, खाली पडलेली; चांगली देऊ ना? मऊ पडलेली फळे शहरातले लोक घेत नाहीत, म्हणून ती त्या घरी न्यायच्या, पोरांना द्यायच्या किंवा वाळवून कोकडी करायच्या. मी एक पोची रायण तोंडात टाकली. चीक नावालाही नाही, तुरटपणा नाही, आणि मधात खजूर कालवावा तशी चव. त्या दिवशी मी तिच्याकडची सगळी पोची रायण घेतली आणि तिने ती अर्ध्या भावात दिली, याची मला आता लाज वाटते. तेव्हापासून मी दोन्ही ढिगांना सारखाच भाव देतो.

आता यातला धागा लक्षात घ्यावा, अशी विनंती आहे. आपण शहरातले गिऱ्हाईक टणक आणि बिनडागी फळ मागतो. असे फळ जमिनीवर मिळत नाही; ते पिकण्याआधी झाडावरूनच काढावे लागते. रायणीची फळे बारीक फांद्यांवर विखुरलेली असतात, एकेक खुडत बसणे परवडत नाही, म्हणून काही ठिकाणी सरळ फांदीच तोडून खाली आणतात आणि मग बसून फळे काढतात. पालिताण्याच्या शत्रुंजयावर ऋषभदेवांच्या नावाने ज्या झाडाला यात्रेकरू प्रदक्षिणा घालतात, तेच झाड रस्त्याकडेला आपल्या आवडीपायी बोडके होते. सावकाश वाढणाऱ्या झाडाची मोडलेली फांदी पुढच्या वर्षी भरून येत नाही. आणि गंमत अशी की इतके करून जे फळ मिळते ते आईस्क्रीमला अगदी निरुपयोगी. चिरून बशीत मांडायचे असेल तर डाग दिसतो; गाळून दुधात घालायच्या फळाच्या सालीवर डाग आहे की नाही याने काय फरक पडतो?

कृतीबद्दलही थोडे लिहितो, कारण पुरवणीत ती तीन ओळींत उरकली आहे. पडलेल्या रायणी दोन पाण्यांनी धुऊन, फडक्यावर पसरून, सावलीत तीन-चार तास ठेवाव्यात. बोटांना आणि चाळणीला साजूक तूप चोळावे, म्हणजे उरलासुरला चीक चिकटत नाही. मिक्सर मुळीच वापरू नये, कारण बी फुटले तर कडवटपणा उतरतो. पुरणयंत्राच्या मोठ्या जाळीवर किंवा पिठाच्या चाळणीवर तळव्याने घासून गर काढावा. किलोभर रायणीतून माझ्याकडे अर्ध्या किलोच्या आसपास गर निघतो. गर हवेत काळपटतो, म्हणून तो दूध तयार झाल्यावरच काढावा. दूध म्हशीचे, दीड लिटर, आटवून ९०० मिलिलिटरवर आणावे. यामागे हिशेब आहे: ६ टक्के स्निग्धांशाचे दीड लिटर दूध इतके आटले की स्निग्धांश १० टक्क्यांवर येतो, आणि अन्नसुरक्षेच्या मानकांनुसार साध्या आईस्क्रीममध्ये दुधाचा स्निग्धांश किमान तेवढा लागतो. फळ घातल्यावर तो थोडा उतरतो. आपल्याला काही परवाना काढायचा नाही. साखर मात्र हात आखडून, शंभर ग्रॅमच्या वर नको. फळ स्वतःच गोड असते आणि साखर जास्त झाली की मिश्रणाचा गोठणबिंदू खाली जाऊन ते नीट धरत नाही. वेलदोडा, केशर, जायफळ यांतले काहीही घालू नये. रायणीचा वास मंद असतो. वेलदोड्याने तो कुठल्या कुठे जातो. दूध पूर्ण गार झाल्यावरच गर मिसळावा.

शक्य असेल तर जुना लाकडी पॉट माळ्यावरून काढावा. आमच्याकडे त्याला गुजरातीप्रमाणे सांचाच म्हणतात. बर्फाची लादी पोत्यात घालून मोगरीने फोडावी आणि तीन भाग बर्फाला एक भाग खडेमीठ असे थर द्यावेत. मीठ बर्फाला वितळवते, वितळणारा बर्फ आतल्या डब्यातून उष्णता ओढून घेतो, आणि हे मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकते, हे मी वर्गात फळ्यावर वर्षानुवर्षे लिहिले; पण खरे कळले ते डबा बाहेर काढताना बोटे त्याला चिकटली तेव्हा. वीस-पंचवीस मिनिटांनी दांडा जड व्हायला लागतो आणि बर्फाचा खडखडाट बसका होतो. तिथे थांबू नये, आणखी शंभर फेरे मारावेत. फ्रीजमध्ये थिजवलेल्या रायणीत बर्फाचे खडे लागतात. फिरवत गोठवल्याने स्फटिक बारीक राहतात आणि चव जिभेवर सपाट पसरते. रंग पिवळा येत नाही, फिकट बदामी येतो. दुकानात कुणी हळदीसारखे पिवळे रायण आईस्क्रीम दिले, तर त्यात रायण किती आणि रंग किती हे विचारावे. आणि डब्यावर ‘फ्रोजन डेझर्ट’ लिहिलेले असेल, तर त्यात दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल असते, एवढे लक्षात ठेवावे.

जंगलात जाण्याची हौस असणाऱ्यांनी पावागड चढावा, चांपानेर पाहावे, आणि परतीच्या वाटेवर टोपलीवाल्या बेनला पोच्या रायणी मागाव्यात. प्रथम ती तुमच्याकडे संशयाने पाहील. दुसऱ्यांदा गेलात की तिने त्या वेगळ्या काढून ठेवलेल्या असतील. आमच्या ओळखीची बाई आता आदल्या संध्याकाळी झाडाखाली जुने लुगडे अंथरून ठेवते, आणि सकाळी उन्हे वर आल्यावर वेचायला जाते, म्हणजे अस्वल आपला वाटा खाऊन गेलेले असते.

पुरवणीच्या पुढील अंकात शुद्धिपत्र छापणे शक्य असेल, तर ‘टणक, डाग नसलेल्या’ या शब्दांच्या जागी ‘झाडाखाली पडलेल्या, मऊ’ असे छापावे आणि सहलीची ओळ काढून टाकावी. यंदाचा हंगाम अजून तीन आठवडे आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
दांडिया बाजार, बडोदे