झाडं पुरायला सांगितली, मग पंचनाम्याला उभी कुठून आणू?

मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

मागच्या पावसाळ्यात केळीवर हरण्या, म्हणजे विषाणूचा रोग, आला. गावात आलेल्या साहेबांनी सांगितलं, रोगट झाडं लगेच उपटून गाडा, नाहीतर मावा ही कीड हा रोग शेजारी नेईल. सल्ला खरा होता. निम्मी नवती, म्हणजे नवी लागवड, खड्ड्यात गेली. भरपाई मिळेल म्हणाले होते. आता कळवतात, पंचनाम्याच्या दिवशी शेतात रोगट झाड आढळलं नाही. कसं आढळेल? ज्याने एकही झाड उपटलं नाही त्याची नोंद झाली, आणि त्याच्याकडचा मावा माझ्या उरलेल्या बागेत.

रोप पंधरा-अठरा रुपयांचं, हेक्टरी साडेचार हजार रोपं. ठिबक, खतं, मजुरी वेगळीच. बायकोचे दागिने गहाण आहेत, सोसायटीची नोटीस दारावर आहे. विमा म्हणाल तर तो हवामानाचा. थंडी, ऊन, वारा मोजतो. विषाणू त्याच्या यंत्रात दिसत नाही.

हरण्या काकडी-टोमॅटोवरही राहतो, तो एका वाणाचा रोग नाही, हे मलाही कळतं. पण रावेर-यावलच्या शिवारात जिकडे बघाल तिकडे ग्रँड नैन हे कॅव्हेंडिश गटातलं एकच वाण, आणि प्रयोगशाळेत वाढवलेलं टिशूकल्चरचं प्रत्येक रोप दुसऱ्याची नक्कल. जगाच्या बाजारातलं ग्रो मिशेल वाण पनामा मर रोगाने 1960 च्या आसपास संपवलं, मग कॅव्हेंडिश आलं. आता त्याच रोगाची टीआर-4 जात कॅव्हेंडिशलाही मारते. बिहार, उत्तर प्रदेशात ती आलेली आहे आणि मातीत वर्षानुवर्षं टिकते. रावेर काय चंद्रावर आहे? आजोबांच्या वेळचं बसराई वाणसुद्धा कॅव्हेंडिशच, तिचा आधार नाही.

मग वेगळ्या कुळाची केळी कोणी राखायची? मी चार ओळी लावल्या तर व्यापारी घड बघून तोंड फिरवतो. तोटा माझ्या एकट्याचा, रोग थांबला तर फायदा सगळ्या तालुक्याचा. हा खर्च सरकारचा नाही तर कोणाचा? तुमच्याकडे पैसा निघतो तो बाग मेल्यावर, तोही कागद जुळला तर. कापसावर गुलाबी बोंडअळी आली तेव्हाही मदत जाहीर झाली ती पीक गेल्यावरच. प्रदर्शनाच्या मांडवाला मात्र निधी कमी पडत नाही.

उपटण्याआधीचे फोटो आणि तलाठ्याची सही भरपाईला पुरेशी धरा, एवढा आदेश काढा. मृगबागेच्या, म्हणजे जूनच्या लागवडीआधी काढा. नाही निघाला, तर यंदा हरण्या दिसलेलं एकही झाड मी उपटणार नाही. साहेब येईपर्यंत सगळी उभी ठेवीन.

आपला,
एक केळी उत्पादक, रावेर तालुका