गिअरबॉक्स मागे आहे, साहेब!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत फेरारीच्या ३६५ जीटीबी/४ वर, म्हणजे ‘डेटोना’वर लेख वाचला. ‘इंजिन पुढे, म्हणजे गाडी जन्मतःच जुनाट’ हे वाक्य मात्र घशाखाली उतरेना. पिंपरीच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं गिअरबॉक्स जुळवण्यात गेली, म्हणून लिहितो.

लॅम्बोर्गिनीने १९६६ मध्ये आपल्या मिउरा गाडीचं इंजिन चालकाच्या पाठीमागे नेलं, हे खरं. १९६८ मध्ये पॅरिसला डेटोना आली, तिचं ४.४ लिटरचं बारा सिलिंडरचं इंजिन बॉनेटखालीच राहिलं. पण गिअरबॉक्स? तो मागे, मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या डिफरन्शियलला खेटून. इंजिन आणि गिअरबॉक्स यांना सांधणारी जाड नळी आणि तिच्यातून फिरणारा शाफ्ट. त्यामुळे पुढच्या-मागच्या चाकांवर वजन जवळजवळ सारखं पडतं. लेखात याबद्दल चकार शब्द नाही. ताशी २८० किलोमीटर मात्र तीनदा!

मुलगी नोकरीनिमित्त इटलीत बोलोन्याला असते. मागच्या वर्षी तिच्याकडे गेलो असताना शेजारच्या गल्लीत एक पिवळी डेटोना उभी दिसली. मी चारी बाजूंनी फिरलो. दाराला मूठच सापडेना. मालक आजोबा हसत आले आणि काचेच्या कडेला असलेली बोटभर पट्टी ओढून दाखवली. अंगाला उगाच काही चिकटवलेलं नाही. कमरेशी एक खोलगट रेघ तेवढी. गाड्यांचे आराखडे करणाऱ्या पिनिनफरीना कंपनीच्या फिओरावांतींनी हे रूप काढलं तेव्हा त्यांची तिशीही उलटली नव्हती. आमच्या ड्रॉइंग ऑफिसात त्या वयाच्या पोराला बोल्टची जागा बदलायलाही तीन सह्या लागायच्या.

आजोबांनी आत बसू दिलं. उभ्या गाडीचं स्टिअरिंग फिरवून पाहिलं, तर दंडात गोळा आला. पॉवर स्टिअरिंग नाही. शहरात ही गाडी छळतेच, हे कबूल. गाडी थंड असताना दुसरा गिअर पडायला कुरकुरतो, असं ते मुलीमार्फत म्हणाले. तेल गरम होईपर्यंत जबरदस्ती करायची नाही, हे मी खुणेनेच सांगितलं. त्यांनी हात मिळवला. अशा दणकट गाडीने १९७२ ते ७४ अशी सलग तीन वर्षं फ्रान्समधल्या ल मॉंच्या चोवीस तासांच्या शर्यतीत आपला गट जिंकला, तो काही जुनाटपणाच्या बळावर नव्हे.

‘डेटोना’ हे कारखान्याने दिलेलं अधिकृत नावही नव्हे. १९६७ मध्ये फ्लोरिडातल्या डेटोनाच्या शर्यतीत फेरारीने पहिले तिन्ही क्रमांक पटकावले, त्यावरून ते आपल्याच पत्रकार बंधूंनी चिकटवलं.

आणखी एक. फोटोखाली १९६८ छापलंय, पण त्यात बॉनेटमधून वर आलेले दिवे स्पष्ट दिसतात. सुरुवातीच्या गाड्यांचे दिवे पारदर्शक प्लास्टिकच्या पट्टीमागे असत. अमेरिकेच्या नियमांपायी १९७१ पासून ते उघडझाप करणारे झाले. पुढच्या रविवारी तेवढी ओळ दुरुस्त करावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त फिटर, चिंचवड