कृष्णधवल स्लाइड शिकवणाऱ्या काकांना अनावृत पत्र

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

हे पत्र तुम्हाला एकट्यालाही पाठवता आलं असतं. पण तुम्ही शिकवलंत ते काम आता फार थोड्यांच्या हातात उरलं आहे, आणि ते माझ्यापर्यंत कुणामुळे आलं हे चारचौघांत सांगावंसं वाटलं. नाव घालायचं नाही असं तुम्ही बजावलं आहे, म्हणून नाव घालत नाही.

माझा प्रश्न साधा होता. कृष्णधवल स्लाइड, म्हणजे प्रोजेक्टरने पडद्यावर पाहायचं पारदर्शक चित्र, करायची तर फिल्म कुठली घ्यावी? इतरांना विचारलं की एकेक नाव मिळायचं. तुम्ही नावच सांगितलं नाहीत. म्हणालात, ‘हाताशी असतील त्या सगळ्या फिल्मचे बोटभर तुकडे काप. डेव्हलपर नको, सरळ हायपोत टाक. धू, वाळव, आणि लाइटबॉक्सवर शेजारी शेजारी मांड.’

डेव्हलपर उजेड लागलेल्या चांदीच्या क्षारांना काळं करतो. हायपो, म्हणजे फिक्सरमधलं रसायन, ते क्षारच विरघळवून काढतो, म्हणून त्यातून फिल्मचा नुसता बेस दिसतो, म्हणजे इमल्शनचा (क्षारांच्या जिलेटिनचा) थर ज्यावर असतो ती पट्टी. ते तुकडे मी अजून एका पाकिटात जपून ठेवले आहेत. एक काचेसारखा स्वच्छ, दुसरा राखी, तिसऱ्यावर पुसट गुलाबी झाक. ३५ मिमी फिल्मच्या बेसमध्ये मुद्दाम राखी छटा घातलेली असते, म्हणजे रोलच्या जिभेतून शिरलेला उजेड बेसमधून आत पसरत नाही, हे तुम्ही तेव्हा समजावलंत. निगेटिव्हला ती छटा आडवी येत नाही, छापताना थोडं एक्सपोजर वाढवलं की भागतं. स्लाइडमध्ये मात्र नंतर भागवायला जागाच नसते. बेसचा जो रंग, तोच पडद्यावरचा सर्वांत उजळ पांढरा. माझ्या स्लाइड हातात धरल्यावर छान दिसत आणि पडद्यावर ढगाळ वाटत, त्याचं उत्तर मला त्या राखी तुकड्याने दिलं. उलट पारदर्शक पॉलिएस्टर बेसची फिल्म सावलीत, शक्यतो अंधारातच कॅमेऱ्यात भरायची, हेही त्याच ओघात कळलं.

फोमापॅन आर १०० बद्दल तुम्ही आधीच सावध केलंत, हे फार बरं झालं. तिचा तुकडा हायपोतून काळपटच निघतो, कारण तिच्या इमल्शनखाली बारीक चांदीचा गडद थर असतो. हायपो त्याला हात लावत नाही, ब्लीच मात्र तो साफ विरघळवतं आणि खाली स्वच्छ बेस उरतो. ती फिल्म स्लाइडसाठीच घडवलेली आहे. आग्फाची स्काला ही कृष्णधवल स्लाइड फिल्म गेल्यानंतर, म्हणजे २००५ मध्ये आग्फाफोटोचं दिवाळं निघाल्याच्या सुमारास, अनेकांनी कृष्णधवल स्लाइडचा नाद सोडला. तुम्ही सोडला नाहीत. त्यासाठीही आभार मानायला हवेत, कारण तुमच्या वहीतल्या नोंदी त्याच काळातल्या आहेत.

पण तुमचं खरं देणं म्हणजे पहिला डेव्हलपर. त्याआधी मी स्लाइड करण्याची प्रक्रिया (रिव्हर्सल) पाठ केल्यासारखी करायची: पहिला डेव्हलपर, ब्लीच, क्लिअरिंग, उजेड, दुसरा डेव्हलपर, फिक्सर. तुम्ही विचारलंत, ‘ब्लीचमध्ये जातं ते काय, आणि राहतं ते काय?’ आणि उत्तर येईपर्यंत थांबलात. पहिल्या डेव्हलपरात नेहमीसारखी निगेटिव्ह तयार होते. ब्लीच त्या निगेटिव्हची चांदी काढून टाकतं. मागे राहतात ते डेव्हलप न झालेले चांदीचे क्षार. त्यांनाच उजेड दाखवून दुसऱ्या डेव्हलपरात काळं केलं की पॉझिटिव्ह उभा राहतो. म्हणजे चित्र घडतं ते उरलेल्यातून, आणि किती उरवायचं हे पहिला डेव्हलपर ठरवतो. म्हणून तो नेहमीपेक्षा जोरकस लागतो. म्हणूनच त्यात लिटरला आठ-दहा ग्रॅम हायपोचे खडे घालायचे, म्हणजे सर्वांत उजळ भागात रेंगाळणारे क्षार विरघळतात आणि पांढरा खरोखर पांढरा निघतो. हायपो जास्त झाला तर तो सावल्यांतलेही क्षार खातो आणि काळा पोचट होतो.

हे समजल्यावर प्रत्येक स्लाइड मला वाचता येऊ लागली. पांढरा मळका असेल तर पहिला डेव्हलपर किंवा एक्सपोजर कमी पडलं. काळ्यात दम नसेल तर दोन्हींपैकी काहीतरी जास्त झालं. निगेटिव्हच्या सवयीने सावलीकडे बघून एक्सपोजर ठरवायचं नाही, इथे उजळ भाग सांभाळायचा. आणि नवी फिल्म हातात आली की अर्ध्या-अर्ध्या स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड) एकाच दृश्याच्या फ्रेम काढून त्या पडद्यावर टाकून बघायच्या. डब्यावरचा आयएसओ, म्हणजे फिल्मच्या संवेदनशीलतेचा आकडा, फक्त सुरुवात करून देतो.

ब्लीचबद्दल तुम्ही कडक होतात, आणि असायलाच हवं होतं. पोटॅशियम डायक्रोमेट जिलेटिन मऊ करत नाही, काम सोपं करतं, तरी तुम्ही ते घरात आणू दिलं नाहीत. षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे, विषय संपला. मग परमँगनेट: एका बाटलीत लिटरला ४ ग्रॅम परमँगनेट, दुसरीत लिटरला २० मिलि तीव्र गंधकाम्ल, आणि वापरायच्या ऐन वेळी दोन्ही समसमान मिसळायचं, कारण मिश्रण टिकत नाही. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही. डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे. डिस्टिल्ड वॉटरचा आग्रह मला आधी जरा जास्त वाटला होता. मग तुम्ही कारण सांगितलंत: पाण्यात क्लोराइड असेल तर विरघळलेली चांदी पुन्हा सिल्व्हर क्लोराइड होऊन फिल्ममध्येच बसते, आणि दुसऱ्या डेव्हलपरात तीही काळी पडते. याच कारणाने गंधकाम्लाच्या जागी हायड्रोक्लोरिक ॲसिड चालत नाही, शिवाय त्याच्यासोबत परमँगनेट क्लोरीन वायू सोडतं.

परमँगनेटने इमल्शन मऊ पडतं, म्हणून सगळी द्रावणं आणि धुण्याचं पाणीसुद्धा २० अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही आणि ओल्या फिल्मला बोटही लावायचं नाही, ही ताकीद मी आजही पाळते.

त्या सगळ्यात मला सर्वांत आवडतो तो क्लिअरिंगचा टप्पा. टाकीचं झाकण काढलेलं असतं, रिळावरची फिल्म तपकिरी डागाळलेली असते. लिटरला २५ ग्रॅम मेटाबायसल्फाइटचं द्रावण ओतलं की तो तपकिरी रंग कडेपासून ओसरत जातो आणि सायीसारखी फिल्म दिसू लागते. नीट पाहिलं तर त्या सायीच्या रंगात फिकट पॉझिटिव्ह आधीच असतो. तुम्ही पहिल्यांदा तो दाखवलात तेव्हा काही बोलला नाहीत, रीळ नुसतं दिव्याकडे फिरवलंत. पुढे दोन्ही बाजूंनी बल्बचा उजेड द्यायचा (तापलेल्या बल्बवर पाण्याचा थेंब उडता कामा नये), मग दुसरा डेव्हलपर पूर्ण होऊ द्यायचा. तिथे घड्याळाची घाई नाही.

जुन्या निगेटिव्हच्या स्लाइड हव्या असतील तर रिव्हर्सलचा खटाटोप न करता पॉझिटिव्ह प्रिंट फिल्मवर कॉन्टॅक्टने, म्हणजे निगेटिव्ह तिला चिकटवून, छापायच्या, हा तुमचा सल्लाही कामी आला. कोडॅक २३०२ ही तशी फिल्म निळ्यालाच संवेदनशील, त्यामुळे लाल दिव्यात निवांत काम होतं, आणि एक बिघडली तर दुसरी छापता येते. आईच्या तरुणपणीच्या निगेटिव्ह मी अशाच पडद्यावर आणल्या. तिने त्या बसून पाहिल्या, पुन्हा लावायला सांगितल्या.

माझ्या फालतू वाटतील अशा प्रश्नांनाही तुम्ही दर वेळी सविस्तर उत्तर दिलंत. कधी मापाचा कागद, कधी स्वतःच्या जुन्या स्लाइड पाठवल्यात, ‘परत करायची घाई नको’ असं लिहून. त्या आता नव्या माउंटमध्ये घालून, प्रत्येकीवर फिल्म आणि पहिल्या डेव्हलपरची वेळ लिहून परत पाठवते आहे. सोबत माझ्याही आहेत. शेवटच्या ओळीतल्या फोमापॅनच्या आहेत. त्यांचा काळा तुम्हाला पुरेसा वाटतो का, तेवढं कळवा. मला अजून हायपो थोडा कमी करावासा वाटतो.

मनापासून आभार, काका. कळावे, लोभ असावा.

तुमची विद्यार्थिनी